दगडानंतरचा पट्टा: पटाशी, सुरी आणि विळीची धार चामड्यावर कशी पुरी करावी

धारेच्या दगडावरून नुकतीच उचललेली पटाशी हातात घ्या. तिच्या सपाट बाजूवर अंगठा टेकवा आणि धारेच्या बाहेरच्या दिशेने अलगद सरकवा. धारेच्या लांबीने मात्र कधीही बोट फिरवायचं नाही. अगदी शेवटी, पोलाद संपतं तिथे, बोटाला काहीतरी अडकल्यासारखं लागेल. दगडावर घासताना पोलादाची एक अतिशय पातळ किनार पलीकडच्या बाजूला वळते, तीच ही. कारखान्यात तिला बर्र म्हणतात. ती डोळ्यांना क्वचितच दिसते, पण नवशिक्याची धार फसते ती बहुतेक वेळा तिच्यामुळेच. दगडावर तासभर घाम गाळून लावलेली धार लाकडाला लागताच ती किनार मोडते किंवा दुमडते, आणि पाच मिनिटांत पटाशी बोथट झाली असं वाटतं. खरं तर धार पुरी झालेलीच नसते.

चामड्याचा पट्टा आणि त्यावर चोळायचं पॉलिश हे दोन्ही या शेवटच्या कामासाठी आहेत. बर्र काढणं, दगडाचे ओरखडे घासून कमी करणं आणि रोजच्या वापरात मंदावलेली धार पुन्हा जागेवर आणणं, एवढी कामं पट्टा करतो. बोथट हत्याराला धार आणणं हे त्याचं काम नाही. पात्याला खाच पडली असेल किंवा धार गोल झाली असेल, तर पट्ट्यावर शंभर वेळा घासूनही उपयोग होणार नाही. तिथे दगडच हवा. हा फरक एकदा मनात पक्का बसला की निम्मी निराशा टळते.

हे घडतं कसं, ते थोडक्यात समजून घेऊ. हजार नंबरच्या दगडातले कण साधारण दहा ते पंधरा मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. हिरव्या पॉलिशमधल्या क्रोमियम ऑक्साइडचा कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा मानला जातो. म्हणजे दगडाने जिथे खोल चरे पाडले, तिथे हे पॉलिश अगदी बारीक घासकाम करतं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुविज्ञानाचे प्राध्यापक जॉन व्हरहोवेन यांनी २००४ मध्ये सुऱ्यांच्या धारेवरचे प्रयोग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मांडले होते. काहीही न लावलेल्या कोऱ्या चामड्याने धारेत फारसा फरक पडत नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याने मात्र स्पष्ट सुधारणा होते, असं त्यांना आढळलं. म्हणून घरातल्या सुऱ्या आणि सुतारी हत्यारांसाठी पट्ट्यावर पॉलिश लावाच, असं माझं ठाम सांगणं आहे. वस्तऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती पुढे येईल.

चामडं कुठलं घ्यावं

चामडं घट्ट हवं, दोन ते तीन मिलीमीटर जाड हवं आणि दाबल्यावर फार आत जाणारं नको. मऊ चामडं पात्याखाली दबतं आणि धारेच्या पुढे पुन्हा वर उसळतं. तो उसळलेला भाग धारेचं टोक गोल करून टाकतो. सोफ्याचं, जॅकेटचं किंवा लेडीज पर्सचं चामडं म्हणूनच या कामाचं नाही. रेक्झिन तर मुळात चामडंच नाही.

वनस्पतींच्या सालीत कमावलेलं चामडं सगळ्यांत उत्तम. आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. कातडं पिशवीसारखं शिवून टांगतात आणि हे पाणी त्यातून झिरपू देतात. असं म्हशीचं तळव्याचं चामडं घट्ट आणि कोरडं असतं, पट्ट्याला हवं तसंच. कोल्हापुरात, किंवा मुंबईत धारावीच्या चामड्याच्या दुकानांत, मोठ्या कातड्यातून उरलेले तुकडे वजनावर किंवा नगावर मिळतात. आपल्याला तीस सेंटिमीटर लांब आणि सात-आठ सेंटिमीटर रुंद एवढाच तुकडा पुरतो. तुमच्या गल्लीतल्या चांभारकाकांना विचारलंत तरी ते एखादा तुकडा काढून देतील, वर चिकटवायचं सोल्युशनही लावून देतील.

चामडं कसं कमावलंय हे ओळखायचं असेल तर कापलेली कड नीट पाहा. वनस्पतीत कमावलेलं चामडं आतून बाहेरपर्यंत तपकिरी, फिकट बदामी असतं. क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर-करडी छटा दिसते. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. रंग न दिलेल्या, वनस्पतीत कमावलेल्या चामड्यात तो मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो. क्रोमचं चामडं अगदी टाकाऊ नसतं, घट्ट असेल तर चालतं, पण निवड करता येत असेल तर पहिलंच घ्या.

जुना कमरेचा पट्टा वापरायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. आधी त्याचं टोक कापून पाहा. दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पुठ्ठा किंवा चुरा दाबून भरलेला दिसला तर तो बाजूला ठेवा. एकसंध चामड्याचा असेल तर खुशाल वापरा, मात्र शिवणीच्या आतला सपाट भागच कापून घ्या.

चामडं मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. सपाट एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) तुकड्यावर पॉलिश थेट चोळलं तरी पटाशीचं काम छान होतं. जीन्सचं कापड फळीवर ताणून चिकटवलं तरी सुरुवात करता येते.

फळीवर चिकटवणं

टांगता पट्टा सिनेमात छान दिसतो, पण नवशिक्याने फळीवर चिकटवलेलाच घ्यावा. टांगता पट्टा जरा सैल पडला की मधे झोळ येतो आणि धार गोल होते. फळीवर ती भीती कमी.

अठरा मिलीमीटरचा प्लायवूड किंवा सागवानाचा सरळ तुकडा घ्या. पोलादी पट्टी त्यावर उभी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहा. लांबीत, रुंदीत आणि तिरकी, अशी तीनदा तपासा. फळी वाकडी असेल तर चामडंही वाकडंच बसेल, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नका.

चामड्याची कुठली बाजू वर ठेवायची यावर लोक हिरिरीने भांडतात. गुळगुळीत बाजू घट्ट असते आणि धारेवर जास्त सफाई देते. आतली केसाळ, खरबरीत बाजू पॉलिश अधिक धरून ठेवते. एकच पट्टा करणार असाल तर खरबरीत बाजू वर ठेवा, आणि तिचे उभे राहिलेले तंतू शंभर-सव्वाशे नंबरच्या पॉलिशपेपरने घासून खाली बसवा. मग गुळगुळीत बाजू चिकटणार असल्यामुळे तिलाही ऐंशी नंबरने ओरखडून घ्या, नाहीतर गोंद धरत नाही.

चिकटवायला चांभाराचं सोल्युशन किंवा फेविकॉलचं एसआर ९९८ उत्तम. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतकं सुकलं की चामडं एका टोकापासून बसवत जा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून सुरुवातच सरळ करा. वर दुसरी फळी ठेवून रात्रभर वजन द्या. साध्या पांढऱ्या फेविकॉलनेही जमतं, फक्त थर अगदी पातळ ठेवा. जास्त झाला तर ओल चामड्यात शिरते, ते फुगतं आणि मग कडक होतं.

पॉलिश: रंगावर जाऊ नका

दुकानात हिरवी, पांढरी, तांबडी, काळी, निळी अशा कांड्या दिसतात. या रंगांना सगळ्या कंपन्यांनी पाळलेला असा नियम नाही. साधारणपणे हिरवी कांडी क्रोमियम ऑक्साइडची असते. बाजारातल्या बऱ्याच हिरव्या कांड्यांत त्याबरोबर ॲल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं. काळी बहुधा भरड असते. तांबडी म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, ती सोनारकामात सोन्याला चकाकी देण्यासाठी वापरतात, कठीण पोलादावर ती फारच हळू चालते. पहिली खरेदी हिरव्याचीच करा.

स्टीलच्या भांड्यांना बफवर पॉलिश करणारे कारखानेही हिरवी कांडी वापरतात आणि ती हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. ती चालते का, हे खूप जण विचारतात. चालते, पण प्रत्येक वडी सारखी बारीक नसते. थोडी वडी नखाने खरवडून दोन बोटांच्या चिमटीत चोळून पाहा. खर लागली तर ती भांड्यांसाठीच राहू द्या. बारीक असेल तर लोण्यासारखी गुळगुळीत लागते.

आता लावण्याची रीत. कांडी मेणात कालवलेली असते, म्हणून थंड चामड्यावर ती नुसती घसरते. पट्टा दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा केस वाळवायच्या मशीनने कोमट करा. मग लहान मूल पाटीवर खडू गिरवतं तशी कांडी तिरकी तिरकी फिरवा. चामडं मधूनमधून दिसत राहिलं पाहिजे. सगळं हिरवंगार दिसेपर्यंत लावण्याचा मोह होतो, तो आवरा. जाड थर पात्याखाली ढिसूळ गाळासारखा सरकतो, धारेला चिकटतो आणि त्यावर पातं तरंगतं. शेवटी तळहाताच्या खालच्या भागाने थर चोळून चामड्यात बसवा. फारच कोरडं वाटलं तर शिलाईमशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

पावडरच्या रूपातलं क्रोमियम ऑक्साइडही मिळतं. ते वापरताना पंखा बंद ठेवा आणि तोंडाला मास्क लावा, बारीक धूळ छातीत जाणं चांगलं नाही. हे क्रोमियमचं त्रिसंयुज रूप आहे, विषारी षट्संयुज रूप वेगळं. तरीही स्वयंपाकाची सुरी पट्ट्यावरून काढली की साबणाने धुतल्याशिवाय भाजीला लावू नका, आणि स्वतःचे हातही धुवा.

पहिला सराव पटाशीवर करा

सुरुवात सुरीने न करता पटाशीने करावी, असं मी आग्रहाने सांगतो. पटाशीचा उतार, म्हणजे धारेकडे तिरका घासलेला भाग, रुंद असतो, तो चामड्यावर आपोआप बसतो आणि हाताला कोन कळतो. सुरीच्या कोनाला असा काही आधार नसतो.

पट्टा टेबलावर उभा, म्हणजे आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने ठेवा. खाली ओलं फडकं टाकलं की तो सरकत नाही. पटाशी पट्ट्याच्या दूरच्या टोकाला ठेवा, उतार खाली, धार आपल्यापासून लांब. उतार नीट बसेपर्यंत मूठ वर-खाली करा. उताराची मागची कड आणि धारेची कड दोन्ही एकाच वेळी टेकल्या की पातं हलायचं थांबतं आणि हाताला एकदम स्थिर वाटतं. तो कोन मनगटात पकडा. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं धारेच्या मागे, पात्यावर ठेवा आणि पटाशी आपल्याकडे ओढा.

नेहमी आपल्याकडे ओढायची, पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे करून ढकललीत तर ती चामड्यात घुसते, पट्टा कापतो आणि धारही जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाची जागा: ओढ संपते तो क्षण. अलीकडच्या टोकाला आल्यावर पटाशी थांबवा, पूर्ण थांबवा आणि मग सरळ वर उचला. बहुतेकांचा हात थांबण्याआधीच मूठ वर करू लागतो. त्या शेवटच्या एक सेंटिमीटरमध्ये धार चामड्यावर उभी होते आणि आधीच्या सगळ्या ओढींनी कमावलेलं टोक गोल होतं. पट्टा वापरून धार बिघडली अशी तक्रार करणाऱ्यांच्या हाताकडे पाहिलं की बहुतेक वेळा हेच दिसतं. म्हणून पहिले काही दिवस मुद्दाम सावकाश करा. ओढा, थांबा, उचला. भरभर पट्टा मारणारे हात खूप वर्षांचे असतात, त्यांची नक्कल करायची घाई नको.

उताराच्या बाजूने वीस-पंचवीस ओढी झाल्या की पटाशी उलटी करा. सपाट बाजू पूर्ण आडवी, चामड्याला चिकटवून, पाच-सहा ओढी. इथे मूठ केसभरही वर उचलायची नाही. पटाशीची सपाट बाजू खरोखर सपाट राहिली तरच खाच आणि तिच्यात बसणारं कुसू यांचे जोड नीट बसतात. मग पुन्हा उताराने पाच, सपाट बाजूने दोन. अंगठा लावून पाहा. अडकणारी किनार दोन्ही बाजूंनी गेली असेल तर काम झालं. एका बाजूला लागत असेल तर ती त्या बाजूला वळली आहे, त्याच बाजूने आणखी थोड्या ओढी घ्या.

रंध्याच्या पात्याला हीच रीत. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्ट्यावर दहा-बारा ओढी दिल्या तर दगडाकडे जायची वेळ खूप लांबते. साग, शिसव अशी घट्ट लाकडं तासताना हा फरक ठळक जाणवतो.

सुरी: कोन शोधा, मग दाब कमी करा

घरातल्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांचा कोन दर बाजूला साधारण वीस अंशांचा असतो, जपानी पद्धतीच्या सुऱ्यांचा पंधराच्या आसपास. अंश मोजायला कोनमापक नको. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ चौदा मिलीमीटर वर उचलली की वीस अंश होतात, दहा मिलीमीटर उचलली की पंधरा. पट्टीने एकदा बघून घ्या आणि ती उंची बोटाच्या पेरावर ओळखून ठेवा.

त्याहून खात्रीची युक्ती काळ्या मार्करची आहे. धारेच्या अगदी कडेने दोन्ही बाजूंना शाई लावा. पट्ट्यावर एक ओढ द्या आणि भिंगातून पाहा. शाई धारेच्या टोकाजवळून पुसली गेली तर कोन बरोबर. फक्त वरच्या खांद्यावरून, म्हणजे उतार सुरू होतो त्या कडेवरून, गेली तर पाठ जास्त खाली आहे. फक्त टोकाच्या अणीवरून गेली आणि उतारावर तशीच राहिली तर पाठ जास्त वर आहे, आणि हीच चूक धार मारते. शंका असेल तेव्हा पाठ जरा खालीच ठेवा. चामडं थोडं दबतं आणि टोकापर्यंत आपणहून पोचतं.

ओढताना सुरी मुठीकडच्या भागापासून टोकाकडे तिरकी सरकवत न्या, म्हणजे एका ओढीत पूर्ण धार पट्ट्यावरून जाते. टोकाकडे पातं गोल वळतं, तिथे मनगट न वळवता कोपर थोडं वर घ्या. एक ओढ या बाजूने, एक त्या बाजूने, अशा दहा-दहा पुरतात. उलटताना सुरी नेहमी पाठीवर वळवा. धारेवर वळवलीत तर ती चामड्यात रुतते.

दाबाबद्दल सगळे "हलका" म्हणतात, पण हलका म्हणजे किती? पट्टा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि त्यावरच सुरी ओढून पाहा. आकडा दोनशे ते चारशे ग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे. शेवटच्या चार-पाच ओढी सुरीच्या स्वतःच्या वजनाने. पटाशीला याहून बराच जास्त दाब चालतो, तिचं पोलाद जाड आहे. काट्यावर दोन-तीन वेळा करून पाहिलं की बोटांना अंदाज येतो.

एक सावधगिरीची गोष्ट. फार गुळगुळीत केलेली धार टोमॅटोच्या सालीवर आणि ढोबळी मिरचीवर घसरते. सालीला पकडायला धारेवर बारीक दाते लागतात आणि ते हजार-दोन हजारच्या दगडाने दिलेले असतात. म्हणून भाजीच्या सुरीला दर बाजूला पाच-सात ओढी एवढ्यावरच थांबा. बर्र जाते, दाते राहतात. मासे सोलायची पातळ सुरी, मांसाचे पातळ काप करायची सुरी किंवा कोरीव कामाची हत्यारं यांना मात्र मनसोक्त पट्टा मारा.

विळीसाठी हातपट्टा

विळीचं पातं पाटाला जखडलेलं असतं, ते पट्ट्यावर ओढता येत नाही. मग पट्टाच पात्याकडे न्यायचा. पाच सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब लाकडी पट्टीच्या पुढच्या अर्ध्या भागावर चामडं चिकटवा, मागचा अर्धा भाग मुठीसाठी कोरा ठेवा. पॉलिश तसंच लावा.

विळी जमिनीवर न ठेवता ओट्यावर किंवा टेबलावर ठेवा, पाट शिकंजाने घट्ट बांधा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. चामडं पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर सरकलं पाहिजे. उलट दिशेने, धारेवर चालून जाईल असं कधीच नाही. विळीचं पातं वळणदार असल्यामुळे एकाच ओढीत सगळं होत नाही. तीन-चार टप्पे करा आणि दोन टप्पे एकमेकांवर थोडे चढू द्या. बोटं लाकडी मुठीच्या मागे असावीत, चामड्याच्या कडेवर नकोत. खोबरं खवायच्या दात्यांना पट्ट्याने काही फायदा नाही.

कोयता आणि विळा यांनाही पट्टा नको. उसाच्या कांड्याला किंवा गवताला खरबरीत धारच चांगली लागते, आणि एका दिवसात ती पुन्हा दगडावर जाणारच असते.

वस्तरा

जुन्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर चामड्याचा पट्टा असायचाच. एड्सबद्दलची जागरूकता वाढल्यावर सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला आणि पट्टे खुंटीवरून उतरले. आता घरी वस्तऱ्याने दाढी करायची आवड पुन्हा काही जणांत दिसते.

वस्तऱ्याला कोन शोधावा लागत नाही. त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्यावर टेकतात, कोन पात्याच्या घडणीतच असतो. दाढीआधी कोऱ्या, पॉलिश न लावलेल्या चामड्यावर तीस-चाळीस फेऱ्या, त्याही, टांगता पट्टा असेल तर, तो ताणून धरून. पॉलिशचा पट्टा वेगळा ठेवा आणि तो कधीतरीच वापरा, धार ओढायला लागली की. त्यानेही भागलं नाही की दगड.

अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवलं की ब्लेडचं पोलाद केसापेक्षा पन्नास पट कठीण असूनही केस त्याच्या धारेचे बारीक टवके काढतो. पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते आणि केस वाकतो, यामुळे हे होतं. टवका उडालेली धार चामड्यावर सरळ होत नाही. ती दगडावरच भरून निघते.

धार झाली का, हे कसं पाहायचं

टेबललॅम्पखाली पातं धार वर करून धरा आणि सरळ वरून पाहा. बोथट जागा प्रकाश परतवते आणि पांढरी बारीक रेघ किंवा ठिपका चमकतो. पुरी झालेली धार वरून दिसतच नाही. ही परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण ती नेमकी जागा दाखवते.

वर्तमानपत्राचा कागद एका हाताने सैल धरून सुरी वरून खाली ओढा. कापताना "सर्र" आवाज यावा, कुठेही अडकू नये. एकाच ठिकाणी फाटत असेल तर तिथे बर्र उरली आहे. पटाशी देवदारासारख्या मऊ लाकडाच्या टोकाकडच्या कापावर चालवा. मऊ लाकडाचे तंतू बोथट धारेखाली चुरडतात. काप काचेसारखा चमकदार निघाला तर धार पुरी आहे. अंगठा धारेच्या लांबीने फिरवून पाहणाऱ्यांचं अनुकरण करू नका.

पट्टा मारूनही सुधारणा दिसली नाही तर तिथेच थांबा. आणखी पन्नास ओढींनी उतार गोल होत जाईल आणि पुढच्या वेळी दगडावर जास्त पोलाद घासावं लागेल. मधल्या किंवा बारीक दगडावर चार-पाच हात मारा आणि पुन्हा पट्ट्यावर या. कठीण कार्बाइड असलेल्या महागड्या पोलादाच्या सुरीवर हिरवं पॉलिश काम करेनासं वाटलं, तर ते त्या पोलादाचं वैशिष्ट्य असू शकतं. व्हॅनेडियम कार्बाइड क्रोमियम ऑक्साइडहून आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडहूनही कठीण असतं. तिथे एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लागते, आणि तिच्यासाठी वेगळा पट्टा. एका पट्ट्यावर दोन पॉलिशं कधीही मिसळू नका. भरड पॉलिशचा एक कण बारीक पट्ट्यावर गेला तरी तो प्रत्येक ओढीला ओरखडा काढत राहतो.

पट्टा राखणं

काही दिवसांत हिरवा पट्टा काळा पडतो. तो काळेपणा म्हणजे घासून निघालेलं पोलाद, म्हणजेच पट्टा काम करतोय. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला आणि पातं नुसतं घसरू लागलं, की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा थर खरवडा. तेवढ्याने भागलं नाही तर शंभर-दीडशे नंबरच्या पॉलिशपेपरने हलकं घासा आणि नव्याने थोडं पॉलिश लावा. चामड्यावर कापल्याची खूण पडली तर तिची वर आलेली कड तेवढी कापून सपाट करा, खोल खाच धारेला त्रास देत नाही.

पट्टा उघड्यावर ठेवू नका. दगडाचा एखादा कण किंवा फरशीवरची वाळू त्यावर बसली तर नव्या धारेचं नुकसान होतं. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चामड्याला बुरशी धरते. दर आठवड्याला तो बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि ऊन पडलं तर तासभर दाखवा. कोरडं पडतंय म्हणून तेलात भिजवू नका. चामडं मऊ झालं की पट्टा वाया गेला.

आणि पटाशी किंवा साध्या पोलादाची सुरी पट्ट्यावर टेकवून विसरू नका. वनस्पतीत कमावलेलं चामडं हवेतली ओल धरतं आणि त्यात टॅनिनही असतं. जुलैच्या एका रात्रीत तिथे तांबूस डाग पडतो. हत्यार पुसून, तेलाचा बारीक हात फिरवून, वेगळं ठेवा.